व्यक्तिभारमापक : शिरूर–दौंड परिसराच्या संदर्भात

व्यक्तिभारमापक म्हणजे माणसाच्या शरीराचे वजन मोजण्याचे साधन. व्यवहारात त्यास ‘वजनकाटा’ किंवा नुसते ‘काटा’ असे म्हणतात. दवाखान्यातील सरकत्या वजनाच्या दांडीचा काटा, रेल्वे स्थानकावरील नाणे टाकून चालणारे यंत्र, अंगणवाडीतील टांगता काटा आणि घरी न्हाणीघरात किंवा पलंगाखाली ठेवला जाणारा सपाट काटा हे त्याचे परिचित प्रकार होत. यांपैकी घरगुती काटा सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा आहे. तो विश्वसनीय कसा मानावा, हा प्रश्न वरवर केवळ खरेदीचा वाटला, तरी त्याचे मूळ वजन-मापांच्या इतिहासात आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे तालुके त्या इतिहासाच्या अभ्यासास सोयीचे आहेत. धान्यपेठ, दुष्काळ, रेल्वे, साखर कारखाने आणि ग्रामीण आरोग्यसेवा या प्रत्येकाने येथे तोलण्याची काही ना काही रीत रूढ केली.

शिरूर ऊर्फ घोडनदी हे गाव पुण्याच्या ईशान्येस सु. ६५ किमी. अंतरावर, अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या मार्गावर घोड नदीकाठी वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकात ते लष्करी छावणीचे ठाणे व बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध होते. दौंड हे पुण्याच्या पूर्वेस सु. ७५ किमी. अंतरावर भीमा नदीकाठी आहे. ब्रिटिश अमदानीत ते भीमथडी तालुक्यात मोडत असे. दोन्ही तालुक्यांचा बराचसा प्रदेश अवर्षणग्रस्त असून ज्वारी व बाजरी ही तेथील जुनी पिके होत. कालव्यांचे व धरणांचे पाणी जेथे पोहोचले, तेथे पुढे उसाचा प्रसार झाला.

परंपरागत मापे : दशमान पद्धतीपूर्वी या भागात धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची रीत अधिक रूढ होती. चिपटे, मापटे, शेर, पायली, मण व खंडी ही धान्याची मापे होत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली असा सर्वसाधारण हिशेब असे. ही मापे आकारमानाची असल्याने एक पायली ज्वारी व एक पायली बाजरी यांचे वजन सारखे भरत नसे. शिवाय माप सपाट भरावयाचे की शिगोशीग, यावरही पुष्कळ अवलंबून असे. शेर या एकाच नावाखाली धान्याचे माप व किराण्याचे वजन या दोन भिन्न गोष्टी येत आणि दोहोंचे मान पेठेगणिक बदले. सोन्या-चांदीसाठी गुंज, मासा व तोळा ही वजने असत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा होई.

धान्य मोजून देणारा मापाडी हा या व्यवस्थेतील महत्त्वाचा माणूस होय. खळ्यावर किंवा पेठेत माप टाकताना तो पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे. त्याचा हात सैल की आवळ, यावर शेतकऱ्याचे व व्यापाऱ्याचे नफा-नुकसान ठरे. मराठीतील ‘झुकते माप देणे’, ‘पारडे जड होणे’ व ‘पासंगालाही न पुरणे’ हे वाक्प्रचार याच व्यवहारातून आले आहेत. यांपैकी पासंग हा शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना समतोल राहत नसतील, तर हलक्या बाजूस दगड, खापरी किंवा धातूचा तुकडा बांधून ती समतोल करीत. त्या तुकड्यास पासंग म्हणतात. आधुनिक परिभाषेत हीच शून्यदोषाची दुरुस्ती होय. तोलण्यापूर्वी काटा रिकामा पाहावा, हे तत्त्व शास्त्रीय ग्रंथांतून येथे येण्याच्या पुष्कळ आधीपासून पेठेला ठाऊक होते.

माणसाची तुला : या काळात माणूस तोलला जाई तो मुख्यतः दानविधीत. तुलादानाची परंपरा प्राचीन असून मराठ्यांच्या इतिहासातही तिची ठळक उदाहरणे आहेत. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी महाबळेश्वर येथे जिजाबाई व सोनोपंत डबीर यांच्या सुवर्णतुला करण्यात आल्या. १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर शिवाजी महाराजांची तुला झाली. त्या वेळी उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने तुलेस सु. १६,००० होन लागल्याचे नमूद केले आहे. या विधीत व्यक्तीचे वजन ही माहिती नसून दानाचे परिमाण असे. एका पारड्यात माणूस व दुसऱ्या पारड्यात द्रव्य असले म्हणजे काम भागे; आकडा काढून ठेवण्याचे व पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तो ताडून पाहण्याचे कारण नसे. वजनाची नोंद आरोग्याची खूण म्हणून ठेवावी, ही कल्पना नंतरची होय.

दुष्काळ व शिधा : १८७६–७८ च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके होरपळून निघाले. शिरूर व भीमथडी त्यांत होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, सावकारांविरुद्ध दख्खनचे दंगे उसळले होते. भीमथडी तालुक्यातील सुपे येथे १२ मे रोजी त्यांना तोंड फुटले आणि शिरूर तालुक्यातही त्यांचे लोण पसरले. वही दुसऱ्याच्या हाती, तिच्यातील आकडे दुसऱ्याने लिहिलेले आणि ते ताडून पाहण्याचे साधन आपल्यापाशी नाही, ही शेतकऱ्याच्या असंतोषामागील एक मोठी तक्रार होती.

दुष्काळी कामांवरील मजुरीच्या वादात तोच प्रश्न दुसऱ्या रूपाने पुढे आला. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी प्रौढ मजुरास दिवसाला एक पौंड (सु. ४५४ ग्रॅ.) धान्य व त्याखेरीज थोडी रोख रक्कम, इतकी मजुरी पुरेशी ठरविली. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी तुरुंगातील कैद्यांच्या शिध्याशी तुलना करून ती अपुरी असल्याचे प्रतिपादिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही मुंबई इलाख्यातील मजुरांची बाजू मांडली. धान्य पौंडात तोलले जात होते. परंतु ते खाऊन राबणाऱ्या सामान्य मजुराच्या शरीराचे वजन ही शासकीय दप्तरातील नित्याची नोंद नव्हती. शिधा पुरतो की नाही, हे अखेर शरीरच सांगते. त्याचे सांगणे आकड्यात उतरविण्यासाठी काटा लागतो, आणि तो दोन्ही पक्षांना मान्य असावा लागतो.

रेल्वे व फलाटकाटा : पुण्याहून पूर्वेकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग दौंडवरून १८५८ मध्ये सुरू झाला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे महत्त्वाचे प्रस्थानक बनले. मालाचे भाडे वजनावर आकारले जात असल्याने रेल्वेबरोबर फलाटकाटाही गावोगाव आला. या काट्यात जड वस्तू जमिनीलगतच्या चौकटीवर ठेवतात आणि तरफांच्या योजनेमुळे लहानशा वजनाने ती तोलता येते. असे दशांश काटे स्ट्रॅसबर्ग येथील आलोईस क्विंटेन्झ यांनी १८२१–२२ मध्ये व तत्सम फलाटकाटे अमेरिकेतील थॅडियस फेअरबँक्स यांनी १८३१ च्या सुमारास प्रचारात आणले. वस्तू कोठेही ठेवली तरी समतोल बदलू नये, यासाठीची समांतर तरफांची रचना फ्रेंच गणिती रॉबेरव्हाल यांनी १६६९ मध्येच दाखविली होती. ज्या काट्यावर पोते उभे राहते, त्यावर माणूसही उभा राहू शकतो. दवाखान्यातील दांडीचा काटा हा या फलाटकाट्याचाच वारस होय.

विसाव्या शतकात मोठ्या रेल्वे स्थानकांवर नाणे टाकून वजन सांगणारी यंत्रे दिसू लागली. त्यांतून बाहेर पडणाऱ्या जाड कागदाच्या तिकिटावर एका बाजूस वजन आणि दुसऱ्या बाजूस भविष्य किंवा चित्रपट कलावंताचे चित्र छापलेले असे. स्वतःचे वजन आकड्यात जाणून घेण्याचा पहिला अनुभव अनेकांना या यंत्रांनी दिला. मात्र ते वजन कुतूहलाचा विषय होते. तिकिटावरील भविष्याइतपतच त्याच्यावर विसंबण्याची रीत होती.

प्रमाणीकरण : पेठेगणिक बदलणाऱ्या वजनांना आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १९३२ चा वजने व मापे अधिनियम करण्यात आला. १९३९ च्या केंद्रीय अधिनियमाने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण हे मान निश्चित केले. या हिशेबाने तोळा ११.६६ ग्रॅ., शेर सु. ९३३ ग्रॅ. व मण ३७.३२ किग्रॅ. होतो. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या अधिनियमाने दशमान पद्धती स्वीकारण्यात आली. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत दशमान वजनांचा वापर सुरू झाला आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर तो सक्तीचा झाला. ‘शेर–मण’ जाऊन ‘किलो–क्विंटल’ आले, तरी गावच्या बोलण्यात पायली व मण पुढेही टिकून राहिले.

या सुधारणेचे खरे मर्म एककांच्या नावांत नसून पडताळणीच्या साखळीत आहे. किलोग्रॅमच्या आंतरराष्ट्रीय आद्यनमुन्याची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकीय प्रयोगशाळेत ठेवण्यात आली. तिच्याशी संदर्भ प्रमाणे, त्यांच्याशी दुय्यम प्रमाणे आणि दुय्यम प्रमाणांशी निरीक्षकांजवळची कार्यकारी प्रमाणे ताडली जातात. निरीक्षक दुकानदाराचे वजन तपासून त्यावर मुद्रा उमटवितो. अशा रीतीने घोडनदीच्या पेठेतील लोखंडी वजनाचा संबंध राष्ट्रीय प्रमाणाशी जोडला जातो. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या नमुन्याऐवजी प्लांक स्थिरांकाच्या निश्चित मूल्यावर आधारण्यात आली. तथापि पेठेपर्यंत येणाऱ्या साखळीचे स्वरूप त्यामुळे बदलले नाही.

१९७६ च्या अधिनियमानंतर २००९ चा वैधमापनशास्त्र अधिनियम करण्यात आला व तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार वजने व दांडीचे तराजू यांची दर चोवीस महिन्यांनी, तर इलेक्ट्रॉनिक काटे, फलाटकाटे व वाहनकाटे यांची दर बारा महिन्यांनी फेरपडताळणी करावी लागते. मुद्रेत वर्षाचे अंक व तिमाहीचे अक्षर असते. त्यावरून काटा शेवटी केव्हा तपासला गेला, हे कोणाही ग्राहकास वाचता येते. या अधिनियमाचे क्षेत्र केवळ खरेदी-विक्रीपुरते नाही. मनुष्याच्या किंवा प्राण्याच्या हितरक्षणासाठी जे मापन केले जाते, तेही त्याच्या कक्षेत येते. दवाखान्यातील काट्याची पडताळणी या तरतुदीमुळे कायद्याचा विषय ठरते.

वाहनकाटा व अविश्वास : शिरूर तालुक्यात न्हावरे येथे घोडगंगा आणि दौंड तालुक्यात पाटस येथे भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तेव्हा वजनाचा प्रश्न नव्या प्रमाणात समोर आला. उसाचा भाव टनावर ठरतो. शेतकऱ्याने वर्षभर वाढविलेला ऊस बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कारखान्याच्या काट्यावर जातो, भरलेल्या व रिकाम्या वाहनाच्या वजनांतील फरक नोंदला जातो आणि त्या एका आकड्यावर वर्षाची कमाई ठरते. वजनात लबाडी झाल्याचा संशय व्यक्त करणारा ‘काटामारी’ हा शब्द महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात सर्वतोमुखी आहे. बाहेरील काट्यावर वजन करून आणण्याची मुभा असावी, काटे निरीक्षकांनी शेतकऱ्यांच्या समक्ष तपासावेत, या मागण्या शेतकरी संघटनांनी वेळोवेळी केल्या आहेत. त्यांमागील तत्त्व साधे आहे. काटा महाग किंवा नवा असल्याने तो खरा ठरत नाही. दुसऱ्या, स्वतंत्र काट्याशी तो ताडून पाहता येतो, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

ग्रामीण आरोग्यसेवेतील काटा : शरीराचे वजन नियमितपणे नोंदण्याची पद्धत या भागात मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या प्रेरणेने ग्रामीण आरोग्यकार्य उभारले. १९७० नंतरच्या दशकात त्याचा विस्तार होऊन गावातीलच स्त्री-पुरुषांना आरोग्यसेवक म्हणून तयार करण्यात आले. डॉ. कोयाजी यांना १९९३ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळाला. २००२ पासून वढू परिसरातील शिरूर व हवेली तालुक्यांच्या २२ गावांत लोकसंख्या व आरोग्य यांची सातत्याने नोंद ठेवणारी पाहणी सुरू करण्यात आली.

याच रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास हाती घेतला. तेथील मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सु. ४२ किग्रॅ. आणि नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ. आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे सरासरी वजन सु. ३.५ किग्रॅ. होते. वजनातील हा फरक मोठा असूनही भारतीय बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती; स्नायू व उदरातील अवयव मात्र लहान होते. वरून कृश दिसणारे, पण चरबीचे प्रमाण अधिक असणारे बालक, ही या अभ्यासातून पुढे आलेली संकल्पना प्रौढ वयातील मधुमेहाच्या उपपत्तीत महत्त्वाची ठरली.

या अभ्यासाच्या संदर्भात काट्याच्या अचूकतेचे महत्त्व स्पष्ट होते. जन्मतः २.५ किग्रॅ. पेक्षा कमी वजनाच्या बालकास अल्पवजनी मानतात. जेथे सरासरीच २.७ किग्रॅ. आहे, तेथे पुष्कळ बालके या सीमारेषेच्या आसपास असतात. काटा १०० ग्रॅ. अधिक दाखवीत असेल, तर विशेष काळजीची गरज असलेली काही बालके यादीतून गळतील. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाड्यांतून स्प्रिंगचे टांगते काटे दीर्घकाळ वापरले गेले. २५ किग्रॅ. क्षमतेच्या या काट्यांवर १०० ग्रॅ. चे भाग असत. मुलास झोळीत बसवून काटा आढ्याला टांगायचा, त्यापूर्वी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा आणि वजन वाढीच्या तक्त्यावर टिंबाने मांडायचे, ही पद्धत अंगणवाडी सेविकांनी गावोगाव रुजविली. टिंबे जोडणारी रेषा वर जाते, सपाट राहते की उतरते, हे पाहणे हा त्या तक्त्याचा उद्देश होय. झोळीचे वजन विसरले किंवा मध्येच काटा बदलला, तर रेषेचा अर्थच बदलतो.

घरगुती काट्याची रचना : घरी वापरावयाचा सपाट काटा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत प्रचारात आला. भारतीय मध्यमवर्गीय घरांत तो पुढे आला आणि इलेक्ट्रॉनिक काटे स्वस्त झाल्यावर तालुक्याच्या गावीही सहज मिळू लागला. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

(१) स्प्रिंगचा काटा : यात वरच्या तबकडीवरील भार तरफांमार्फत एका स्प्रिंगवर येतो. स्प्रिंगचा ताण भाराच्या प्रमाणात असतो, हा रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम तिच्या मुळाशी आहे. स्प्रिंगच्या हालचालीने दंतुर पट्टी सरकते व आकड्यांची चकती फिरते. दीर्घ वापराने स्प्रिंग सैल पडणे, तापमानाचा परिणाम, गंज व तिरपे पाहून आकडा वाचणे ही त्यातील दोषांची कारणे होत.

(२) इलेक्ट्रॉनिक काटा : यात सामान्यतः चार कोपऱ्यांना चार लोड सेल असतात. धातूचा तुकडा भाराने किंचित वाकतो आणि त्यावर चिकटविलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युत् रोध बदलतो. स्ट्रेन गेजचा शोध १९३८ च्या सुमारास अमेरिकेत लागला. रोधातील हा सूक्ष्म बदल वजनाच्या रूपाने पडद्यावर दिसतो. पडद्यावर ५० ग्रॅ. पर्यंतचा आकडा दिसला, तरी काटा ५० ग्रॅ. इतका अचूक आहे, असे त्यावरून ठरत नाही; दाखविण्याची बारकाई व मोजण्याची अचूकता या भिन्न गोष्टी आहेत.

दोन्ही प्रकार वस्तुतः बल मोजतात. गुरुत्वीय प्रवेग स्थळानुसार बदलत असल्याने ४५° अक्षांशावर समुद्रसपाटीस जुळविलेला असा काटा पुणे परिसरात ६० किग्रॅ. च्या माणसाचे वजन सु. १३० ग्रॅ. कमी दाखवील. दोन पारड्यांच्या तराजूत हा दोष येत नाही, कारण तेथे दोन्ही बाजूंवर प्रवेगाचा परिणाम सारखाच होतो.

आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या (स्थापना १९५५) ७६ क्रमांकाच्या शिफारशीनुसार १०० ग्रॅ. पडताळणी-भाग असलेल्या तिसऱ्या वर्गाच्या काट्यास ६० किग्रॅ. भारास पडताळणीच्या वेळी १०० ग्रॅ. अधिक-उणे इतकी त्रुटी क्षम्य असते. वापरात असताना तिच्या दुप्पट त्रुटी चालते. घरगुती काट्याची तुलना करण्यास हे मान उपयोगी पडते.

विश्वसनीयतेची घरगुती परीक्षा : दुकानदाराचा काटा निरीक्षक तपासतो, घरातील काटा तपासावयास कोणी येत नाही. पडताळणीची साखळी घराच्या उंबरठ्यापाशी थांबते. शेवटची कडी घरच्या माणसालाच जोडावी लागते आणि त्यास विशेष साधनांची गरज नसते.

प्रथम काटा सपाट व कठीण जागी, म्हणजे शहाबादी किंवा तत्सम फरशीवर ठेवावा. सतरंजीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर तो बसत नाही. रिकामा काटा शून्य दाखवितो की नाही, हे पाहावे. त्यानंतर त्यावर चार-पाच वेळा उभे राहून आकडे लिहून घ्यावेत. काही इलेक्ट्रॉनिक काटे आधीचा आकडा स्मरणात ठेवून, नवे वजन त्याच्या जवळपास असल्यास तोच पुन्हा दाखवितात. म्हणून दोन मोजण्यांच्या मध्ये एखादी वेगळ्या वजनाची वस्तू ठेवून पाहावी. आकड्यांत २०० ग्रॅ. हून अधिक फरक पडत असेल, तर काटा टाकाऊ समजावा. पाय मध्यभागी, पुढे, मागे व एका बाजूस ठेवूनही आकडा स्थिर राहिला पाहिजे.

नंतर परिचित किराणा दुकानदाराकडून मुद्रांकित ५ किग्रॅ. चे वजन घ्यावे. आधी रिकाम्या हाताने व मग ते वजन हातात धरून काट्यावर उभे राहावे. दोन आकड्यांतील फरक ५ किग्रॅ. भरला पाहिजे. माणसाच्या वजनाच्या पट्ट्यात काटा फरक बरोबर दाखवितो की नाही, हे या परीक्षेने कळते. शेवटी ज्या दवाखान्यातील काट्यावर चालू मुदतीची मुद्रा आहे, तेथे वजन करून त्याच कपड्यांत लगेच घरच्या काट्यावर वजन करावे. घरचा काटा नेहमी ८०० ग्रॅ. अधिक दाखवीत असेल, तर तेवढा त्याचा पासंग समजून तो काट्याच्या मागे चिठ्ठीवर लिहून ठेवावा. पासंग ठाऊक असलेला व स्थिर राहणारा काटा उपयुक्त असतो. कधी कमी, कधी अधिक दाखविणारा काटा सरासरीने बरोबर असला, तरी निरुपयोगी होय. घट विकत घेताना तो वाजवून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे; काट्याची अशी परीक्षा ही त्याच रीतीची पुढची पायरी म्हणता येईल.

उपयोग व मर्यादा : शरीराचे वजन दिवसभरात एक ते दोन किग्रॅ. नी बदलू शकते. एक लिटर पाणी प्यायल्याबरोबर ते सु. एक किग्रॅ. ने वाढते. म्हणून सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी व सारख्याच कपड्यांत वजन करणे इष्ट असते. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किग्रॅ. हून अधिक वाढल्यास ते शरीरात पाणी साठल्याचे लक्षण असू शकते व त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो. अशा रुग्णाच्या घरी काट्याचा स्थिरपणा हा चैनीचा विषय नसून उपचाराचा भाग असतो. मधुमेह, क्षयरोग, गर्भावस्था व वार्धक्य यांतही वजनाचा कल महत्त्वाचा असतो. लहान मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्याने तेथे मात्र कलाबरोबर खरा आकडाही लागतो.

काटा खरा असला, तरी त्याचे सांगणे मर्यादित असते. डॉ. याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा शरीर-वस्तुमान निर्देशांक दोघांचा २२.३ असा सारखाच होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. यामुळे भारतीयांसाठी या निर्देशांकाची २३ ही मर्यादा अधिक योग्य मानली जाते व कंबरेचा घेरही मोजण्याची शिफारस केली जाते. विद्युत् रोधावरून चरबीचे प्रमाण सांगणारे घरगुती काटेही प्रत्यक्ष चरबी मोजत नसून समीकरणांवरून अंदाज बांधतात. ती समीकरणे ज्या लोकसमूहावरून काढलेली असतात, त्याहून आपली शरीरप्रकृती वेगळी असल्यास अंदाज चुकतो.

शिरूर–दौंड परिसरातील मापनाचा इतिहास मापाड्याच्या पायलीपासून घरातील काचेच्या काट्यापर्यंत येतो. या काळात एकके बदलली, यंत्रे बदलली आणि तोलण्याची वस्तूही बदलली. धान्य व ऊस यांच्या जोडीने माणसाचे शरीर आले. पण धान्य घेणारा कुणबी, दुष्काळी कामावरील मजूर, ऊस घालणारा शेतकरी आणि अल्पवजनी बालकाची आई या सर्वांना काट्याकडून हवे असलेले उत्तर एकच होते : हा आकडा दुसरीकडे ताडून पाहता येईल काय? ज्या काट्याबाबत या प्रश्नास होकार मिळतो, तोच विश्वसनीय होय.